यजमान झोपेपर्यंत

हडपसरच्या मंडईत तुरीच्या हिरव्या शेंगा यायला लागल्या की माझं डोकं फिरतं. शेंगवाली बाई पसाभर जास्त टाकते, तरी मी तिच्याशी हुज्जत घालते. घरी येऊन शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला ठेवते आणि उकडल्याचा वास सुटला की गॅस बंद करून खिडकी उघडते. हा दरवर्षीचा प्रकार आहे. मार्गशीर्ष उतरणीला लागतो, पुण्यातली बायकामाणसं कानाला रुमाल बांधून दूध आणायला निघतात, आणि तिकडे आळंद तालुक्यातल्या आमच्या खजुरीत ज्वारी दाण्यात आलेली असणार, तुरीवर विळा पडलेला असणार, हरभऱ्याच्या पानांवर आंबट दवासारखी आंब धरलेली असणार, हे मला कुणी फोन करून सांगावं लागत नाही. येळवस आली. पुण्याच्या कॅलेंडरात ती नुसती अमावास्या असते. आमच्याकडे त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळं गाव शेतात जेवतं.

यंदा शेंगा तशाच पातेल्यात ठेवून मी टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेचा एक भाग पुन्हा पाहिला. मालिकेचं नाव मुद्दामच सांगत नाही. ज्यांना माहीत आहे ते वाद घालत बसतील आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. अंतराळात भटकणारं एक जुनाट यान, त्यातली मूठभर माणसं, दर आठवड्याला नवा ग्रह. माझ्या जन्माआधी ती तिकडे परदेशात सुरू झाली आणि अजून संपायचं नाव नाही. कप्तान बदलले, नट म्हातारे झाले, यान मात्र फिरतंच आहे. एरवीच्या भागांत युद्धं होतात, ग्रह फुटतात. हा भाग हलकाफुलका. मालिकेचे जाणकार त्याला मोजतच नाहीत, भरतीचा भाग म्हणतात. मला तो शेवटपर्यंत पाहवत नाही.

गोष्ट अगदी साधी. यान डागडुजीसाठी एका ग्रहावर उतरतं. तिथले लोक हळदीच्या रंगाचे, गोल पोटाचे आणि फार प्रेमळ. ते पाहुण्यांना खाऊ घालतात, अंथरुणं घालतात, पाय चेपून देतात. निघायची वेळ येते तेव्हा कळतं की तिथला रिवाज वेगळा आहे. यजमान झोपेपर्यंत पाहुण्यानं उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर यजमानाच्या तोंडाला काळं. कप्तान म्हणतो, हात्तिच्या, थांबू की. आणि मग कळतं, त्या लोकांना झोप येतच नाही. पुढे सगळी धमाल. डॉक्टर अंगाई गायला बसतो आणि स्वतःच घोरायला लागतो. आचारी तुपात बुडवलेलं जेवण वाढतो, तर यजमान ताजेतवाने होऊन आणखी मागतात. शेवटी यानाचा यंत्रज्ञ इंजिन दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक मोठ्यानं वाचायला घेतो. ह्यानं तरी डोळे मिटतील! तर सगळे हळदुले गोळा होऊन पुढे सरकतात आणि त्यांतली एक म्हातारी डोळ्यांत पाणी आणून विचारते, "मग त्या झिजलेल्या चाकाचं पुढे काय झालं?"

हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तो शरणप्पाअण्णांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत, साखरेच्या पोत्यावर बसून. रविवारची सकाळ. खोलीत गूळ, रॉकेल आणि सुक्या मिरच्यांचा मिळून एक वास असायचा. अण्णांचा टीव्ही रंगीत होता आणि त्यांचा स्वभावही बरा होता, त्यामुळे निम्मी गल्ली तिथं. मालिका हिंदीत बोलायची. हिंदीचं आम्हाला नवल नव्हतं. गावात अर्धं बोलणं दखनीत चालायचं, बाजार कानडीत आणि भांडण मराठीत. पोरं कालवा करायला लागली की अण्णा खेकसायचे, "सुम्म कूडरी रे! गप बसा, ऐकू द्या!" आणि स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

त्या रविवारी आमच्याबरोबर अप्पा होते. अप्पा म्हणजे वडील. आदल्या दिवशीच ते भिवंडीहून आले होते. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. जिकडेतिकडे नांगर फिरले, चराईला रान उरलं नाही, मेंढरं विकून टाकावी लागली. जन्मभर कळपामागं हिंडलेल्या घराण्यातले अप्पा भिवंडीच्या एका गाळ्यात पॉवरलूमसमोर उभे राहिले. वर्षातून एकदा यायचे, आणि तेही दिवाळीला नाही, येळवशीला. येळवशीला शेतात न दिसलेला माणूस आमच्याकडे मेल्यातच जमा. म्हणून अप्पा दिवाळीत कुणाची तरी पाळी करायचे आणि ह्या दिवसांसाठी रजा मागून घ्यायचे. शेजारची पोरं आपल्या बापाला 'तू' म्हणायची, त्याच्या पाठीवर बसायची. मी आणि माझा धाकटा भाऊ दत्ता अप्पांना 'तुमी' म्हणायचो. कुणी शिकवलं नव्हतं. तोंडातून तेच यायचं.

यंत्रज्ञ पुस्तक वाचायला लागला आणि अप्पा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. "ह्या लोकास्नी आमच्या मुकादमाकडं धाडा," ते शरणप्पाअण्णांना म्हणाले, "न झोपणारी माणसंच हुडकायलाय त्यो." हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. माझे वडील असे हसतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी टीव्ही सोडून त्यांच्याकडेच बघत बसले.

पडद्यावर सगळे उपाय थकले होते. कप्तानाला काहीतरी सुचलं, त्यानं बोट वर केलं आणि करंट गेला. चित्र आक्रसत आक्रसत मधे एक ठिपका झालं. "झालं, आता दुपारपतर न्हाई," म्हणत अण्णा उठले आणि तराजूकडे गेले.

घरी जाताना दत्तानं अप्पांचं बोट धरलं. "अप्पा, फुडं का झालं?"

"का व्हतंय? ते झोपलेच न्हाईत."

"मग?"

"मग हे बी ऱ्हायले तितंच."

"कवापतर?"

"कायमचे. यान इकून टाकलं. जमीन घेतली, बैलं घेतली."

"तितं बैलं असतेत?"

"असतेत की. पिवळी."

दत्ताला हे इतकं पटलं की घरात शिरता शिरता त्यानं सगळी गोष्ट मायला सांगितली, पिवळ्या बैलांसकट. माय भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं. भाकरी मात्र त्या दिवशी एका कडेनं जाड झाली आणि ती तिनं स्वतःच्या ताटात ठेवली.

येळवस दोन दिवसांवर होती. ज्यानं ते जेवण जेवलं नाही त्याला काय सांगावं! तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, दिसेल ती पालेभाजी, चिंच आणि बेसन घालून रटरटवलेली भज्जी. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबवलेली, लसूण-जिऱ्याची आंबील, मडकंभर. बाजरीचे उंडे. पहाटे उठून बायका हे सगळं रांधतात आणि पाट्या डोक्यावर घेऊन रानाची वाट धरतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची, मग घरधन्यानं आंबील आणि भज्जी पिकात शिंपडत शेताला फेरी घालायची. अप्पा फेरी घालायला निघाले की ज्वारीत त्यांचं नुसतं मुंडासं दिसायचं. वर्षभर ज्या मातीला त्यांचा पाय लागला नाही तिला ते जेवू घालायचे. तेव्हा मला ह्यात विचित्र काही वाटत नव्हतं. आता वाटतं, ते तिथं वाढपी होते, आणि तेही एका दिवसापुरते.

येळवशीच्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं त्यांना निघायचं होतं. खजुरीहून उमरगा, तिथून सोलापूर, तिथून रेल्वे. मी आणि दत्तानं दोन दिवस खलबतं करून ठरवलं होतं. जेवायला बसल्यावर मीच तोंड उघडलं.

"अप्पा, आज तुमी आमचे पाव्हणे. आमी झोपल्याबिगर जायचं न्हाई."

अप्पांचा घास हातात राहिला. "मी पाव्हणा व्हय गं?" ते हसले, पण हसू अर्ध्यातच विझलं. त्यांनी मायकडे पाहिलं. माय आंबील ओतत होती. मग ते आमच्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "बरं. झोपू नगा मग."

आम्ही काय काय केलं नाही! मी हिरवी मिरची चावली. दत्तानं हरभऱ्याची आंब बोटावर घेऊन डोळ्याला लावली, म्हणजे झोप उडेल म्हणून, आणि बोंब मारत खोपीला तीन चकरा घातल्या. पण आंबील ही चीज तुम्हाला माहीत नाही. दोन वाट्यांत भलेभले आडवे होतात आणि आम्ही चार चार ढोसल्या होत्या. दुपारच्या उन्हात सगळं शिवार पेंगत असतं त्या दिवशी. बैल पेंगतात, बांधावरची बोर पेंगते. घोंगड्यावर मी नुसती टेकले. डोळे मिटणार नव्हते, नुसती टेकले.

उठले तेव्हा ऊन तुरीच्या शेंड्यांवर गेलं होतं. दत्ता तोंड उघडं टाकून झोपला होता. पलीकडे माय कुशीवर, डोळे मिटून पडली होती. खोपीच्या मेढीला अडकवलेली अप्पांची पिशवी तिथं नव्हती. मी मायला गदागदा हलवलं. "तू तरी जागी ऱ्हायचीस की!" ती उठून बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "मला बी झोप लागली बाई." मग मडकं पालथं घालून तिनं राखेनं घासायला घेतलं. आधीच घासलेलं मडकं होतं ते.

लहानपणी वाटायचं, आम्ही झोपलो म्हणून अप्पा गेले. पुढे शहाणपण आलं आणि कळलं की पोटासाठी माणसं जातात, त्याचा झोपेशी संबंध नाही. दत्ता हैदराबादला गेला, मी पुण्याला आले. आमच्या गल्लीतल्या घरांना एकेक करून कुलपं लागली, ती येळवशीला उघडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागायची. कुणी कुणाला थांब म्हटलं नाही. थांबवून करायचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच माहीत होता. तरी दर वेळी गाडीत बसले की माझं मन त्या दुपारी घोंगड्यावर जाऊन पडायचं. शहाणपण आल्यानं दुःख कमी होतं हे ज्यानं कुणी म्हटलं असेल, त्याला दुःख झालंच नसावं.

मग एके वर्षी भिवंडीतला तो गाळा बंद पडला आणि अप्पा कायमचे घरी आले. आम्हा भावंडांना केवढा आनंद! दत्तानं हैदराबादहून नवा पलंग पाठवला. मी महिन्याभरानं गेले तर पाहिलं, अप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले, अंग चोरून. भिवंडीची पिशवी खुंटीला, कपडे तिच्यातच. एक सदरा धुवून वाळला की पुन्हा घडी करून पिशवीत. तहान लागली की आत डोकावून विचारत, "पाणी घेऊ का?" स्वतःच्या घरात! आणि माय लगबगीनं उठून, डोक्यावर पदर घेऊन, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चकचकीत तांब्यातून पाणी आणून द्यायची. त्यांना आधी वाढायची, गरम वाढायची, आग्रह करायची. दोघं एकमेकांशी इतकं अदबीनं वागत की मला तिथं बसवेना. ह्यापेक्षा दोघांनी एकमेकांची डोकी फोडली असती तर बरं वाटलं असतं.

मायचंही काय चुकलं? तिनं एकटीनं शेत राखलं होतं, शेरडं पाळली होती, आमची शिक्षणं काढली होती. तिच्या दिवसाला तिची एक लय बसली होती आणि तीत दुसऱ्या माणसाची जागा कुठं होती हे ती विसरून गेली होती. आठवायला वेळ लागला असता. तेवढा वेळ मिळाला नाही. अप्पांचा खोकला वाढला आणि मी त्यांना पुण्याला आणलं. डॉक्टर म्हणाले, कापसाची धूळ. छातीत वर्षानुवर्षं बसलीय, आता निघायची नाही. औषधं दिली, वाफ दिली, थोडा आराम पडला. घरी न्यायला हरकत नाही असं त्यांनी सांगितलं, आणि कसल्या अर्थानं सांगितलं ते मला कळलं.

अप्पा मात्र जायचं नाव काढेनात. "मी हितंच पडून ऱ्हातो की बाई. तिकडं तिला कशाला तरास." मी मायला फोन लावला, तर तिचं भलतंच. "त्येनला जमंल तसं करू दे. मी या म्हणलं तर हुकूम केल्यावानी, नगं म्हणलं तर हाकलल्यावानी." म्हणजे हा माणूस बोलावण्याची वाट बघत माझ्या दिवाणावर पडलेला आणि ती बाई तो आपणहून येईल म्हणून तिकडे दाराकडे बघत बसलेली. औषधाच्या पट्ट्या संपत होत्या. मला रात्रंदिवस एकच घोर लागला होता, हा माणूस परक्या खोलीत मरू नये. ज्या घरासाठी त्यानं छाती धुळीनं भरून घेतली त्या घरचा होऊन जावा. पण घरचा हो, असं कुणी कुणाला कसं सांगणार? येळवस तोंडावर आली होती.

तो रविवार असाच रिकामा होता. इंटरनेटवर भलतंच काही शोधताना मला ती मालिका सापडली, सगळेच्या सगळे भाग. मी तो भाग काढला, लॅपटॉप दिवाणावर ठेवला आणि अप्पांच्या शेजारी बसले. भाषा इंग्रजी होती, पण हळदीच्या रंगाची माणसं दिसताच अप्पा उशीवरून उठून बसले. "आरं, हे तर शरणप्पाकडचे!" डॉक्टरनं अंगाई धरली तसे ते हसले. म्हातारीनं चाकाचं विचारलं तेव्हा हसून खोकला लागला, मी पाणी दिलं. कप्तानानं बोट वर केलं. अप्पा म्हणाले, "हितं करंट गेला हुता."

ह्या वेळी गेला नाही.

कप्तानाची ती युक्तीही फसते. आता करण्यासारखं काही उरत नाही. यानातली माणसं गप्प बसून राहतात आणि कप्तान खिडकीपाशी जाऊन आभाळाकडे बघतो, नुसता बघतो. चाकाचं विचारणारी ती म्हातारी त्याचा चेहरा पाहते. थोडा वेळ पाहते. मग मुकाट्यानं आडवी होते आणि डोळे मिटून घेते. तिचं पाहून दुसरा, मग तिसरा. अख्खं घर डोळे मिटून पडतं. पाहुणे चवड्यांवर बाहेर पडतात, एकमेकांना टाळ्या देतात, सुटलो एकदाचे! यान वर जातं, त्याचा उजेड खिडकीतून सरकतो आणि म्हातारी डोळे उघडते. मालिकेनं त्या जागी गमतीचं संगीत वाजवलंय.

मी लॅपटॉप मिटला. अप्पा त्या मिटलेल्या झाकणाकडे बघत होते.

"तुझी माय जागीच हुती," ते म्हणाले.

"कवा?"

"तवा. खोपीत. मी पिशवी काडली तवा तिच्या पापण्या हलायल्या हुत्या. मी उभा ऱ्हायलो. म्हणलं, उघडती का बघू. लई येळ उभा ऱ्हायलो बाई. डोळे उघडले असते तर मी गेलो नसतो."

"मग हाक कामून मारली न्हाई तुमी?"

"कशी मारू?" अप्पांनी श्वास घेतला, तो अर्धाच आत गेला. "मी जावावं असं तिला वाटत असंल तर?"

मी गॅलरीत जाऊन मायला फोन लावला. माझा आवाज चढलेला होता. "माय, तू जागी हुतीस?" कधी, कुठं, असं तिनं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "व्हय."

"मग झोपेचं सोंग कामून घेतलीस?"

"डोळे उघडले असते तर रडले असते. रडले असते तर त्येनी थांबले असते. आन् थांबून का खायचं हुतं आपून? तुमी दोगं लहान लेकरं." मग तिकडून नुसत्या शेरडांच्या घंटा ऐकू आल्या. "त्येनला कळलं हुतं व्हय?"

मला दोघांचाही भयंकर राग आला. एकानं हाक मारली नाही, दुसरीनं डोळे उघडले नाहीत, आणि हे सगळं एकमेकांवरच्या मायेपोटी. त्या मायेनं त्यांचा अख्खा संसार खाल्ला. भांडणानं घरं मोडतात म्हणतात. आमचं घर समजूतदारपणानं मोडलं. मी हे तिला बोलले नाही. एवढंच विचारलं, "आता का करायचं?"

"आता का? मंगळवारी येळवस हाय." मग तिचा आवाज एकदम खडा झाला, शेरडं पिकात शिरल्यावर होतो तसा. "भज्जीला चिंच न्हाई घरात. त्येनला म्हणाव, येताना आणा. आन् किडकी आणू नगा म्हणाव."

खजुरीत चिंचेला तोटा नाही. आमच्याच बांधावर दोन झाडं आहेत. मी हे अप्पांना जसंच्या तसं सांगितलं. ते दिवाणाखाली चपला शोधायला लागले. मंडईत त्यांनी दहा ठिकाणची चिंच हातात घेऊन, मोडून, जिभेला लावून पाहिली. दम लागला की पोत्यावर बसत आणि पुन्हा उठत. त्या दिवशी विक्रेत्यांशी मी भांडले नाही, तेच भांडले.

त्यानंतर होळीच्या आधी अप्पा गेले, खजुरीतच. मला निरोप मिळाला तेव्हा मी ऑफिसात होते आणि पोचले तोवर सगळं उरकलं होतं. परवा तो भाग मी एकटीनं पाहिला आणि कप्तानानं बोट वर केल्यावर बंद केला. पुढचं मला नको आहे. कुणी म्हणेल, ही पळवाट झाली. असेल. अप्पांनी ज्यांना जमीन घेऊन दिली, पिवळे बैल घेऊन दिले, त्या माणसांना मी काही तिथून हलवणार नाही.

पण त्या येळवशीचं सांगायचं राहिलं. अप्पांना फेरी घालवली नाही, ज्वारीच्या कडेला दहा पावलं गेले आणि खोकत बसले. उरलेली फेरी मायनं घातली. जेवणं झाली. मला दुसऱ्या दिवशी कामावर हजर राहायचं होतं, म्हणून संध्याकाळच्या गाडीसाठी मी निघाले. शेत रस्त्याला लागूनच आहे. अप्पा कसनुसे उठले, "चल, गाडीत बसवतो," म्हणून काठी घेऊन माझ्याबरोबर सडकेपर्यंत आले. आम्ही दोघं उभे होतो. गाडी वळणावर दिसली आणि अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यात मागून हाक आली. माय बांधावर उभी होती, पदर खोचून, एका हातात पाटी. "अवो! तितं का करायलाव उभं ऱ्हाऊन? हिकडं शेरडं हरभऱ्यात शिरल्यात, दिसंना व्हय? आन् ही पाटी का मी एकटीनं न्यायची?"

उभ्या जन्मात मी तिला अप्पांवर ओरडताना ऐकलं नव्हतं. पाहुण्यावर कोण ओरडतं? अप्पांचा हात माझ्या डोक्यावरून निघाला. "आलो, आलो गं!" म्हणत ते वळले आणि काठी टेकत, धापा टाकत, जमेल तेवढ्या घाईनं बांधाकडे निघाले. मी गाडीत चढले, खिडकी मिळाली. शेरडं हाकलता हाकलता माय अजून बोलतच होती, अप्पाही काहीतरी उलटं बोलत होते, आणि दोघांनी मिळून पाटी उचलली. गाडी हलली तेव्हा मी हात केला. दोघांपैकी कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं.